सहाणेवरचा वळसा आणि डोळ्यातला थेंब

नाशिकच्या जुन्या वाड्यांतून, मग ते पंचवटीतले असोत की गंगेच्या अलीकडच्या भद्रकालीतले, बाळंतिणीच्या खोलीत एक लहानशी दगडी सहाण हमखास असे. आणि न्हाऊमाखू घातलेल्या बाळाला गुटी पाजण्याची वेळ झाली की घरातील वृद्ध स्त्री त्या सहाणेपाशी बसून वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध, अतिविष अशी एकेक मुळी वा फळ हाती घेई आणि आईच्या दुधात किंवा पाण्यात त्याचे मोजून वळसे देई. किती वळसे, हे बाळाच्या वयावरून ठरे. आरंभी एकच, मूल अंगाने भरू लागले म्हणजे दोन, पुढे आणखी. आणि जायफळापाशी येताच तिचा हात आखडे, कारण जायफळाने मूल सुस्तावते हे तिने आपल्या सासूकडून ऐकलेले असे. आजचे बालवैद्य पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून बाळाच्या मुखी काहीच घालू नये असे सांगतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. तथापि गुटीचे गुणदोष बाजूला ठेवले, तरी त्या वळशांच्या मोजणीत जी एक समजूत दडलेली होती, ती मोलाची होती: औषध किती द्यावयाचे, याचा निर्णय औषधाच्या भांड्यावरून नव्हे, तर घेणाऱ्याच्या देहावरून व्हावयाचा.

डोळ्यात घालावयाच्या थेंबाला मात्र वळसे नसतात. बाटलीच्या तोंडातून सुटणारा थेंब ऐंशी वर्षांच्या मोतीबिंदूवाल्या गृहस्थासाठी जेवढा, तेवढाच तो सातव्या महिन्यात जन्मलेल्या, एक किलो वजनाच्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या बालकासाठीही असतो. या एका गोष्टीचा उलगडा वैद्यकाला होण्यास फार काळ लागला.

तान्ह्याच्या डोळ्यात काही ना काही घालण्याची हौस मनुष्यजातीला पुरातन काळापासून आहे. आपल्याकडे एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर भांडे पालथे धरून पाडलेले काजळ पाचवी-बारशापासून बाळाच्या डोळ्यात जाई, त्याच काजळाची तीट गालाला लागे, आणि डोळे चिकटले तर आईच्या दुधाचे थेंब पिळले जात. युरोपात १८८१ साली लाइपझिगचा प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे याने जन्मलेल्या प्रत्येक बालकाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा एकेक थेंब घालण्याचा आपला परिपाठ प्रसिद्ध केला. त्यापूर्वी त्याच्या प्रसूतिगृहात दर दहा बालकांमागे सुमारे एकाचे डोळे प्रसूतिमार्गातील जंतूंमुळे पिकत, ते प्रमाण शेकड्यात एकाच्याही खाली आले. असंख्य डोळे या थेंबाने वाचविले. परंतु २ टक्के द्रावण कोवळ्या डोळ्याला भाजते, हे अनुभवाने उमजल्यावर पुढे सर्वत्र १ टक्का हीच मात्रा रूढ झाली. औषध तेच राहिले, केवळ त्याचे बळ निम्म्यावर आले. आणि नेत्रवैद्यकातील बालकांचा इतिहास म्हणून जो काही आहे, तो बराचसा याच निम्मे करण्याचा इतिहास आहे.

आता ज्या थेंबांचा हा लेख, ते बाहुली मोठी करणारे. त्यांचे मूळ शोधावयास नाशिककराने दूर जाण्याचे कारण नाही. महाशिवरात्रीस त्र्यंबकेश्वरी वा पंचवटीतील कपालेश्वरी बेलाबरोबर धोत्र्याचे फूल आणि काटेरी फळ वाहणारा भाविक हातात जे धरतो, त्यातच ॲट्रोपीन व त्याची भावंडे असलेली द्रव्ये भरलेली असतात. संस्कृत कोशकारांनी धत्तूराला ‘उन्मत्त’ आणि ‘कनक’ अशी नावे दिली आहेत, आणि पहिल्या नावात त्याचा गुण उघडच सांगितलेला आहे. बांधावरचा धोत्रा उपटून त्याच हाताने डोळा चोळणाऱ्या शेतकऱ्याची एकच बाहुली विस्फारते आणि पाहणारा घाबरून त्याला इस्पितळात नेतो, हा प्रकार डॉक्टरांना परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात तर वाटसरूंच्या अन्नात धोत्र्याचे बी मिसळून त्यांना बेशुद्ध करावे व लुटावे, हा गुन्हा हिंदुस्थानभर इतका फैलावला होता की वैद्यकीय न्यायशास्त्राच्या ग्रंथांना त्यावर स्वतंत्र विवेचन करावे लागले. मुंबई सरकारचे रासायनिक पृथक्करणकार आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक आयझिडोर लायन यांचा अशा विषयावरील ग्रंथ १८८८ सालचा. संशयित अन्नाचा किंवा मृताच्या उदरातील द्रव्याचा अर्क काढून तो मांजराच्या डोळ्यात टाकावयाचा, आणि बाहुली पसरली म्हणजे धोत्र्याच्या जातीचे विष आहे असे मानावयाचे, ही त्या काळची कसोटी होती. १८६९ साली अहमदनगर व खानदेश यांचे तालुके एकत्र करून ज्या नाशिक जिल्ह्याची निर्मिती झाली, त्याच्या मधून मुंबई-आग्रा रस्ता जात होता. अशा रस्त्यांवरच्या धर्मशाळांतून परक्याच्या हातचे न खाण्याची जी ताकीद वडीलधारी माणसे देत, तिच्यामागे सोवळ्याओवळ्याखेरीज हेही एक कारण होते असे मला वाटते.

मांजराच्या डोळ्याची ही कसोटी मूळची जर्मनीतली, आणि तिची एक कथा सांगितल्यावाचून पुढे जाणे मला रुचत नाही. धोत्र्याचीच युरोपीय बहीण म्हणजे बेलाडोना. तिला वर्गीकरणकार लिनियसने ‘ॲट्रोपा’ हे नाव दिले ते ग्रीक पुराणातील ॲट्रोपॉस या देवतेवरून. मनुष्याच्या आयुष्याचा धागा कापणारी ती दैवदेवता. आपली सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, तर ही शेवटी येऊन धागा तोडते. ॲट्रोपॉस या शब्दाचा अर्थच ‘जिला वळविता येत नाही ती’. तर या बेलाडोनाचा अर्क फ्रीडलीब रुंगे नावाच्या तरुण रसायनाभ्यासकाने १८१९ साली येना येथे मांजराच्या डोळ्यात घालून ती विस्फारलेली बाहुली महाकवी गटे याला दाखविली. गटे इतका प्रसन्न झाला की त्याने कॉफीच्या बियांची एक पुडी त्या तरुणाच्या हाती ठेवली आणि यांचेही पृथक्करण करून पाहा असे सुचविले. रुंगेने ते केले आणि कॅफीन हाती आले. एका भेटीत एकीकडे बाहुली पसरविणारे द्रव्य आणि दुसरीकडे कॅफीन, या दोहोंची गाठ पडली. ती गाठ दीडशे वर्षांनी मुदतपूर्व बालकाच्या पाळण्याशी पुन्हा कशी पडली, ते पुढे येईलच.

१८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत डोकावण्याचे यंत्र सिद्ध केले आणि बाहुली मोठी करण्याला नवाच अर्थ प्राप्त झाला. बाहुली हा दृष्टिपटलाच्या, म्हणजे लोक ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतात त्याच्या, दालनाचा दरवाजा. तो जेवढा उघडेल तेवढे आतले दिसेल. ॲट्रोपीनने तो उघडे, पण आठ-दहा दिवस मिटेना. म्हणून १९५०च्या दशकात सायक्लोपेंटोलेट आणि ट्रॉपिकामाइड ही थोड्या तासांत ओसरणारी औषधे निघाली, आणि त्यांच्या जोडीला फिनाइलेफ्रिन आले. पहिली दोन औषधे बाहुली आवळणाऱ्या स्नायूला सैल करतात आणि तिसरे बाहुली ओढून धरणाऱ्या स्नायूला चेतविते. दोन बाजूंनी काम झाल्याने दरवाजा झटकन उघडतो. प्रौढांच्या दवाखान्यात ही सोय निर्वेध चालली.

नेमक्या त्याच सुमारास डोळ्याच्या पडद्याचा एक नवाच आजार जगापुढे येत होता. १९४२ साली बॉस्टनचे थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या भिंगामागे पांढरा पडदा आढळल्याचे नमूद केले. पूर्वी अशी बालके जगतच नसत. आता पेटी आली, प्राणवायू आला, ती जगू लागली आणि आंधळी होऊ लागली. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी बोट ठेवले ते या प्राणवायूच्या अतिरेकावर, आणि पुढे अमेरिकेतील १८ रुग्णालयांच्या एकत्रित चाचणीने त्यांचा संशय खरा ठरविला. तोवर जगभरात सुमारे १०,००० बालके दृष्टीला मुकली होती. प्राणवायूसुद्धा मात्रेबाहेर गेला तर विषवत ठरतो, ही गोष्ट त्या दशकाने फार मोठी किंमत देऊन शिकली.

पडद्यावरील रक्तवाहिन्या गर्भाच्या नऊ महिन्यांत मध्यापासून कडेपर्यंत पसरत जातात. मूल आधीच जन्मले तर त्यांचा प्रवास अर्ध्यावर थांबतो, आणि पुढे त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून काढतात. वेळीच लेझरने उपचार झाला तर पुष्कळ डोळे वाचतात. परंतु ही वाढ होते ती पडद्याच्या कडेला, म्हणून ती पाहावयाची तर बाहुली पुरती उघडलीच पाहिजे; आणि ती पाहणी एकदा करून भागत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हापुन्हा करावी लागते. अशा रीतीने प्रौढासाठी घडविलेला थेंब या पृथ्वीवरील सर्वांत लहान रोग्यांच्या डोळ्यांत पडू लागला.

येथे सहाणेजवळच्या आजीने जो हिशेब सहज केला असता, तो कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. फिनाइलेफ्रिनच्या १० टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर एका थेंबात ५ आणि दोन डोळ्यांत मिळून १० मिलिग्रॅम होते. साठ किलो वजनाच्या माणसाला ते दर किलोमागे मिलिग्रॅमच्या सहाव्या हिश्शाएवढे पडते, आणि एक किलोच्या बालकाला पूर्ण १० मिलिग्रॅम, म्हणजे साठपट. त्या बालकाच्या देहात रक्त असते ते अवघे ८०-९० मिलिलिटर, अर्धा पेला चहाएवढे. शिवाय थेंब डोळ्यात राहत नाही. एवढ्याशा पापणीच्या खळग्यात पुरा थेंब मावतच नाही. काही गालावर ओघळून कागदासारख्या पातळ त्वचेतून आत शिरतो, काही डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील नळीने नाकात उतरतो आणि तेथील त्वचेतून थेट रक्तात जातो. पोटात गेलेल्या औषधाला यकृताच्या चौकीवर प्रथम अडविले जाते, परंतु या वाटेवर चौकी नाही.

१९७३ साली अमेरिकेत नवजात बालकांच्या डोळ्यात १० टक्के फिनाइलेफ्रिन घातल्यावर त्यांचा रक्तदाब चढल्याचे वृत्त बालवैद्यकाच्या नियतकालिकात आले. ज्यांच्या मेंदूतील केशवाहिन्या अजून नाजूक आहेत, अशांचा रक्तदाब एकाएकी चढणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पुढे १९८५ साली असे दिसून आले की सायक्लोपेंटोलेटच्या अर्ध्या टक्क्याच्या थेंबांनी मुदतपूर्व बालकांच्या जठरातील आम्लस्राव मंदावतो, परंतु पाव टक्क्याच्या थेंबांनी तसे होत नाही. डोळ्यातील थेंबाने पोट फुगावे, दूध पचू नये, उलटी व्हावी, क्वचित आतड्यालाच इजा व्हावी, ही साखळी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण धोत्र्याचे बी पोटात गेलेल्या वाटसरूचे तोंड कोरडे पडते, पोट थंडावते, नाडी धावते, हे ज्याने वाचले आहे, त्याला ती ओळखीची वाटेल. एकच कुळ, एकच स्वभाव.

न्यायाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तपासणीनंतर बालकाचा श्वास थबकतो किंवा नाडी मंदावते, त्याचा दोष सर्वस्वी थेंबावर टाकता येत नाही. पापण्या ताणून धरणारा चिमटा, डोळ्याच्या गोलावर दिलेला दाब, प्रखर दिवा आणि वेदना यांचाही तो परिणाम असतो. डोळा दाबला की नाडी मंदावणे हा देहाचा उपजत धर्म आहे. म्हणूनच आता तपासणीच्या वेळी बाळाला गुंडाळून धरणे आणि जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देणे, हेही विधीचाच भाग झाले आहे.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो परदेशी ग्रंथांत फारसा सापडत नाही. आपल्या बालकांची बुबुळे काळी असतात, आणि बुबुळातील काळा रंग औषध धरून ठेवतो. निळ्या डोळ्यांच्या मुलांना जी मात्रा पुरते, ती आपल्याकडे अनेकदा अपुरी पडते. म्हणून थेंब पुन्हा घालण्याचा मोह येथे अधिक. आणि दोन-तीन वेळा घालूनही बाहुली उघडली नाही, तर कित्येकदा तो औषधाचा उणेपणा नसून रोगाचाच पुरावा असतो: आजार बळावला की बुबुळातील रक्तवाहिन्या फुगतात आणि बाहुली ताठरते. अशा वेळी चौथा थेंब घालणारा हात थांबला पाहिजे. ही समज बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहिलेली नसते, ती शिकवावीच लागते.

आपल्याकडे बाजारात जी जोडऔषधाची बाटली सामान्यतः मिळते, तिच्यात ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फिनाइलेफ्रिन ५ टक्के असते. ती प्रौढांसाठी असते. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी तिच्यात कृत्रिम अश्रूंचे तितकेच थेंब मिसळून औषधाचे बळ निम्म्यावर, म्हणजे ०.४ आणि २.५ टक्क्यांवर आणण्याची रीत देशभर रुळली. क्रेडेच्या द्रावणाचे जे झाले होते, तेच पुन्हा झाले. फक्त हे निम्मे करणे कारखान्यात न होता कक्षातील टेबलावर, परिचारिकेच्या हातून होते. त्या हातांवर आपण केवढा भार टाकला आहे, याचा विचार मला वारंवार अस्वस्थ करतो. मिश्रण निर्जंतुक हातांनी केले पाहिजे, बाटलीवर तारीख घातली पाहिजे, पातळ न केलेली बाटली शेजारी राहता कामा नये. आणि हे सारे रात्रपाळीनंतरच्या सकाळी.

आता नाशिकविषयी. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथे झाला; तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, आणि आजचा पालघर जिल्हा नाशिकच्या पश्चिम सरहद्दीला लागून आहे. बालकांच्या ज्या ३० व्याधी हुडकून काढण्याचा संकल्प त्या कार्यक्रमाने केला, त्यात मुदतपूर्व बालकांचा हा दृष्टिपटलविकारही समाविष्ट झाला. मार्गदर्शक नियम असा ठरला की २ किलोंहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकाची पहिली नेत्रतपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी, आणि २८ आठवड्यांपूर्वीच्या किंवा १२०० ग्रॅमहून हलक्या बालकाची तर दोन-तीन आठवड्यांतच. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बालकांसाठी विशेष कक्ष उभे राहिले होते. त्या कक्षांवर केवढा बोजा होता, ते ऑगस्ट २०१७ मध्ये कळले, जेव्हा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील कक्षात त्या एका महिन्यात ५५ बालके दगावल्याच्या आणि एकेका पेटीत एकाहून अधिक बालके ठेवावी लागल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून आल्या. फार अपुऱ्या दिवसांची, फार हलकी आणि फार उशिरा आणलेली बालके त्यांत पुष्कळ होती. ज्या कक्षात जीव वाचविण्याचीच शर्थ चाललेली असते, तेथे डोळ्याची आठवण ठेवणे किती कठीण, याची कल्पना त्या वार्तांवरून यावी. आणि तरीही जगलेल्या प्रत्येक बालकामागे ती आठवण ठेवावीच लागते. सातपूरला राष्ट्रीय अंध संस्थेच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘नॅब’च्या, महाराष्ट्र शाखेचे केंद्र आहे, त्या वास्तूसमोरून जाताना ही गोष्ट मनात येतेच.

मुदतीची खरी अडचण मात्र दफ्तरात नाही, ती घरात आहे. बाळंतिणीने आणि बाळाने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये, ही आपली जुनी रीत. आणि सव्वा महिना म्हणजे तीस दिवसांहून जास्त. पेठ, सुरगाणा किंवा इगतपुरीच्या पाड्यावर गेलेले बाळ दूध पिते, रडते, डोळे उघडते. बाहेरून त्याच्या डोळ्यात काही एक दिसत नाही. मग घाट उतरून-चढून, दिवसाची मजुरी बुडवून, सव्वा महिन्याचा दंडक मोडून त्याला पुन्हा जिल्ह्याच्या गावी का न्यावे, हे घरच्यांना पटवून देणारे कोणी तरी हवे. सव्वा महिन्याची रीत मुळात बाळाला वारा, गर्दी आणि संसर्ग यांपासून जपण्यासाठीच होती. तिला दोष देऊन काही साधणार नाही. गावातील आशाताईने दाराशी बसून सासूला एवढे सांगितले की हा उंबरठा डोळ्यांसाठी ओलांडायचा आहे, तर पुष्कळदा सासूच बाळाला पदराखाली घेऊन निघते.

तपासणीच्या दिवशी बाळाला तासभर आधीपासून दूध देत नाहीत. परिचारिका पातळ केलेल्या औषधाचा एकेक लहान थेंब दोन्ही डोळ्यांत सोडते, नाकालगतचा कोपरा बोटाने थोडा वेळ हलकेच दाबून धरते, गालावर ओघळलेले कापसाने तत्काळ टिपते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा तेच करते. ज्या ट्रॉपिकामाइडचा तो थेंब, त्याच्या नावात ॲट्रोपाचेच मूळ आहे, परंतु आरंभीचा नकाराचा ‘अ’ गळून गेलेला. उरले आहे ते केवळ वळण. खाटेवरील कागदावर त्या बाळाच्या औषधांची यादी असते. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचा श्वास मधूनच थांबतो, तो चालू राहावा म्हणून आज जगभर त्याला कॅफीन देतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने त्या उपायाची भक्कम ग्वाही दिली. म्हणून यादीत एका ओळीवर कॅफीन आणि दुसऱ्या ओळीवर बाहुलीचे थेंब, अशी येनाच्या त्या भेटीची दोन्ही अपत्ये शेजारी-शेजारी नोंदलेली असतात. त्याखाली परिचारिका थेंब घातल्याची वेळ लिहिते, पुढचे चोवीस तास श्वास, नाडी आणि पोट यांवर लक्ष ठेवण्याची सूचना लिहिते, आणि सर्वांत शेवटी, आईला वाचून दाखवीत, पुन्हा यावयाची तारीख.